वाणीचे स्वातंत्र्य आणि द्वेषाचा कायदा

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत दिलेले भाषण)



वर्धापनदिनाचे भाषण म्हणजे वर्षभराच्या कार्याचा आढावा, देणगीदारांचे आभार आणि मग चहा-फराळ, अशी आपली आजवरची रीत. यंदा चिटणीसबाईंनी ती जरा मोडली आणि मला विषय दिला तो असा : द्वेष पसरवणाऱ्या बोलण्याला कायद्याने बंदी असावी का, आणि अशी बंदी असलेल्या समाजाने स्वतःला स्वतंत्र म्हणवून घ्यावे का? विषय ऐकताच आमच्या शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं, हा वकिलांचा विषय. मंडळात कशाला?"

मला तसे वाटत नाही. जिभेला हाड नसते ही म्हण मुलांना शिकवतो कोण? आपणच. कोणता शब्द हसून सोडून द्यावा आणि कोणत्या शब्दावर पोराच्या तोंडावर हात ठेवावा, याचा निवाडा प्रत्येक गृहिणी रोज करते. घरात जो प्रश्न आपण सहज सोडवतो, तोच देशाच्या पातळीवर गेला की विद्वानांनाही अवघड होतो. मी वकील नाही. शाळेत बरीच वर्षे नागरिकशास्त्र शिकवले, तेवढ्या शिदोरीवर बोलते आहे.

प्रथम हे पाहू, की असा कायदा हवासा तरी का वाटतो. "शब्दाने काय कोणाची हाडे मोडतात?" असे काही जण विचारतात. त्यांना रुआंडाचे उदाहरण द्यावे. आफ्रिकेतील या छोट्या देशात १९९४ साली एक रेडिओ केंद्र होते. गाणी, गप्पा, थट्टामस्करी यांबरोबर ते केंद्र तुत्सी जमातीच्या लोकांना रोज 'झुरळे' म्हणत असे. झुरळ दिसले की आपण काय करतो? चप्पल उचलतो. तेथील शेजाऱ्यांनी कोयते उचलले. शंभर दिवसांत सुमारे ८ लाख माणसे मारली गेली. पुढे आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने २००३ साली त्या केंद्राच्या चालकांना आणि एका नियतकालिकाच्या संपादकाला दोषी ठरवले. त्याआधी १९४६ साली न्युरेंबर्ग येथे युलियुस श्ट्रायखर या जर्मन संपादकाला फाशी झाली होती. ज्यू लोकांविरुद्ध तो वीस वर्षांहून अधिक काळ विष ओकत होता.

इतक्या लांब जायलाही नको. आपल्या खेड्यापाड्यांतून जातीवरून माणसाला हाक मारण्याची जी रीत होती, तिने कोणाचे हाड मोडले नसेल, पण पिढ्यान्‌पिढ्या माणसाची मान मोडून ठेवली. पाणवठ्यावर कोणी यावे, कोणी दूर उभे राहावे, हे त्या हाकेतूनच ठरत असे. म्हणून राज्यघटनेने १७ व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. १९५५ साली तिच्याविरुद्ध कायदा झाला, आणि १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याने अनुसूचित जाती-जमातींच्या माणसाचा चारचौघांत हेतुपुरस्सर केलेला अपमान हा गुन्हा ठरवला. "बोलण्याचे स्वातंत्र्य आहे, मी वाटेल ते म्हणेन" असे तेथे चालत नाही, आणि ते चालू नये असेच आपल्यापैकी बहुतेकींना वाटेल. ज्याला रोज हिणवले जाते त्याच्या तोंडून शब्द फुटत नाही. म्हणजे एकाच्या बेताल बोलण्याने दुसऱ्याचे बोलण्याचे स्वातंत्र्य हिरावले जाते.

इथपर्यंत कायद्याची बाजू भक्कम वाटते. आता नाण्याची दुसरी बाजू पाहू.

समाजासमाजांत द्वेष पसरवणे हा गुन्हा ठरवणारे आपले प्रसिद्ध कलम म्हणजे १५३-अ. ते कोणी आणि कधी आणले? १८९७ साली लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला. न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी 'अप्रीती'चा अर्थ 'प्रीतीचा अभाव' असा केला, आणि टिळकांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. सरकारवर प्रेम नसणे हाच गुन्हा झाला! लगेच पुढच्या वर्षी, १८९८ साली, इंग्रज सरकारने राजद्रोहाचे कलम अधिक रुंद केले आणि त्याच वेळी १५३-अ हे नवे कलम दंडसंहितेत घातले. वरवर हेतू उदात्त : निरनिराळ्या वर्गांत वैर पसरू नये. पण १९०८ साली 'केसरी'तील 'देशाचे दुर्दैव' आणि 'हे उपाय टिकाऊ नाहीत' या लेखांबद्दल टिळकांवर खटला भरला, तेव्हा राजद्रोहाच्या जोडीला हेच १५३-अ लावले होते. गोरे आणि हिंदी यांच्यात द्वेष पसरवला, असा आरोप. ज्यूरीतील सात युरोपियनांनी दोषी म्हटले, दोघा पारशांनी निर्दोष म्हटले. शिक्षा सहा वर्षे काळ्या पाण्याची आणि १००० रुपये दंड. लोकमान्य मंडालेला गेले.

विचार करा, भगिनींनो. राज्य करणाऱ्या गोऱ्यांना टीकेपासून वाचवण्यासाठी द्वेषाचा कायदा वापरला गेला. आपल्या जिल्ह्याचे लोकनायक बापूजी अणे टिळकांचे निष्ठावंत अनुयायी. वणीत जन्मलेल्या या पुरुषाचे नाव आपण अभिमानाने घेतो. त्या पिढीला हे कलम म्हणजे समाजाची ढाल वाटले नसेल. ते त्यांना सरकारच्या हातातील दंडुका म्हणूनच ठाऊक होते.

त्यानंतर १९२७ साली २९५-अ हे कलम आले. लाहोरमध्ये पैगंबरांविषयी एक निंदात्मक पुस्तिका निघाली होती. १५३-अ खाली तिचा प्रकाशक सुटला, लोक खवळले, आणि मुद्दाम व दुष्ट हेतूने धर्मभावनांचा अवमान करणे हा नवा गुन्हा निर्माण झाला. कायदा झाला म्हणून राग शमला का? नाही. १९२९ साली त्या प्रकाशकाचा खून झालाच.

स्वातंत्र्यानंतर घटनेच्या १९ व्या अनुच्छेदाने भाषणस्वातंत्र्य दिले आणि त्यावर निर्बंधांचीही मुभा ठेवली. १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने त्यांत 'सार्वजनिक सुव्यवस्था' हा शब्द आला, आणि निर्बंध 'वाजवी' असले पाहिजेत ही अटही आली. १९५७ साली सर्वोच्च न्यायालयाने २९५-अ वैध ठरवले. मात्र अजाणता किंवा निष्काळजीपणाने झालेला अवमान त्यात येत नाही, हेतू दुष्टच हवा, असे स्पष्ट केले. १ जुलै २०२४ पासून जुनी दंडसंहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली आहे. १५३-अ चे झाले १९६, आणि २९५-अ चे झाले २९९. क्रमांक बदलले, आशय बहुतांशी तोच आहे. शिक्षा सामान्यतः तीन वर्षांपर्यंत.

कायदा कागदावर कसा आहे ते झाले. तो चालतो कसा, हे आपल्या महाराष्ट्रातीलच उदाहरणांवरून पाहावे.

१९९२-९३ साली मुंबई पेटली. त्या काळातील 'सामना'च्या अग्रलेखांबद्दल बाळासाहेब ठाकरे यांच्यावर १५३-अ खाली खटला होता. तो कोर्टापुढे उभा राहिला २००० साली, आणि मुदत उलटून गेली या कारणावरून दंडाधिकाऱ्यांनी निकालात काढला. लेख द्वेषाचे होते की नव्हते, याचा निवाडा झालाच नाही. अशा खटल्याला सरकारची पूर्वपरवानगी लागते. ही अट चांगल्या हेतूने घातलेली आहे, म्हणजे उठसूट कोणी कोणाला कोर्टात खेचू नये. पण त्यामुळे कुलपाची किल्ली सत्तेवर असलेल्यांच्या कमरेला राहते, हेही तितकेच खरे.

आता २०१२ सालचे पालघर घ्या. ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद का, असा प्रश्न एका तरुणीने फेसबुकवर विचारला. तिच्या मैत्रिणीने त्याला नुसती पसंती दर्शवली. दोघींनाही अटक झाली! एकीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड झाली ती वेगळीच. सात-आठ वर्षांत जो कायदा जागचा हलला नव्हता, तो येथे एका दिवसात धावला. चोर सोडून संन्याशाला सुळी, ती हीच. पुढे या मुलींवरील प्रकरण बंद झाले, संबंधित पोलीस अधिकारी निलंबित झाले, आणि श्रेया सिंघल या कायद्याच्या विद्यार्थिनीच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली माहिती तंत्रज्ञान कायद्यातील ६६-अ हे कलम रद्द केले. मोठमोठ्या पुढाऱ्यांना जे जमले नाही ते एका मुलीने केले, याचा आपल्याला आनंद वाटला पाहिजे.

तिसरे उदाहरण २००४ सालचे. जेम्स लेन या परदेशी लेखकाच्या पुस्तकातील शिवरायांविषयीच्या एका अश्लाघ्य मजकुरावरून पुण्यातील भांडारकर संस्थेवर हल्ला झाला. जुन्या पोथ्या, दुर्मिळ ग्रंथ यांची नासधूस झाली. मजकूर मलाही आवडला नाही, आणि कोणत्याही मराठी माणसाला तो आवडणार नाही. सरकारने पुस्तकावर बंदी घातली आणि लेखक-प्रकाशकांवर १५३-अ लावले. २००७ साली सर्वोच्च न्यायालयाने तो गुन्हा रद्द केला. उच्च न्यायालयाने उठवलेली बंदी २०१० साली सर्वोच्च न्यायालयानेही उठलेलीच ठेवली. पण तोवर पोथ्या गेल्या त्या गेल्याच.

न्याय म्हणून एवढेही सांगते, की कायदा बलवानांना अजिबात चावत नाही असे नाही. १९८७ च्या विलेपार्ले पोटनिवडणुकीत धर्माच्या नावावर मते मागितली म्हणून निवडून आलेल्या उमेदवाराची निवड रद्द झाली. सर्वोच्च न्यायालयाने ते १९९५ साली कायम केले, आणि प्रचार करणाऱ्या बाळासाहेब ठाकरे यांचा मतदानाचा हक्क सहा वर्षे गेला. तेथे नियम स्पष्ट होता, गोष्ट एका निवडणुकीपुरती होती, आणि प्रश्न कोणाच्या भावनांचा नव्हता, तर मत कशावर मागितले याचा होता. म्हणूनच तो कायदा लागू पडला, असे मला वाटते.

आता आपल्या गावाकडे वळते. १९७३ साली ग. दि. माडगूळकरांच्या अध्यक्षतेखाली येथे साहित्य संमेलन भरले होते. त्याच्या आठवणी आपल्यातील ज्येष्ठ भगिनी अजून सांगतात. त्यानंतर जानेवारी २०१९ मध्ये ९२ वे संमेलन यवतमाळात भरले. अध्यक्षा अरुणा ढेरे. उद्घाटनासाठी नयनतारा सहगल यांना रीतसर निमंत्रण गेले. या लेखिका पंडित नेहरूंच्या भाची, पण त्यांचे वडील रणजित सीताराम पंडित हे मराठी. 'राजतरंगिणी'चा इंग्रजी अनुवाद करणारे. म्हणजे तशा त्या माहेरीच येत होत्या. पण इंग्रजीत लिहिणारी बाई मराठी संमेलनाला नको, असा आक्षेप निघाला, संमेलन उधळण्याची भाषा झाली, आणि आयोजकांनी निमंत्रण मागे घेतले. ज्या पक्षाच्या स्थानिक मंडळींकडून धमकी आली, त्या पक्षाच्या प्रमुखांनी मागाहून दिलगिरी व्यक्त केली. महामंडळाचे अध्यक्ष श्रीपाद जोशी यांनी राजीनामा दिला. अनेक निमंत्रित साहित्यिक आले नाहीत. सहगलबाईंचे न झालेले भाषण वर्तमानपत्रांतून छापून आले आणि झालेल्या भाषणांपेक्षा जास्त वाचले गेले.

या सगळ्या प्रकरणात कोणते कलम लागले? एकही नाही. कोणा न्यायाधीशाने मनाई केली नाही, कोणा जिल्हाधिकाऱ्याने बंदी घातली नाही. दहा-वीस जणांच्या धमकीपुढे एक ९१ वर्षांची लेखिका गप्प केली गेली. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली एका चित्रपटाच्या खटल्यात बजावलेच होते, की निदर्शनांच्या आणि हिंसेच्या धमकीपुढे भाषणस्वातंत्र्य दाबता येणार नाही. विरोधी जमाव आम्हांला आवरत नाही ही सबब सरकारला सांगता येत नाही. यवतमाळला खरे काम पोलिसांचे होते, आणि ते म्हणजे बोलणाऱ्याला संरक्षण देणे. सहगलबाई बोलत्या आणि ज्यांना पटले नसते त्यांनी बाहेर काळे झेंडे दाखवले असते, तर दोघांचेही स्वातंत्र्य शाबूत राहिले असते.

त्या संमेलनातील तीन गोष्टी मात्र आपण विसरू नयेत. समोर बसलेल्या काही स्त्रियांनी सहगलबाईंचे मुखवटे घातले होते. न बोलता केलेले ते भाषणच होते. अध्यक्षा अरुणाताईंनी निमंत्रण मागे घेणे चूकच होते, हे व्यासपीठावरून सांगितले. आणि उद्घाटन झाले ते आपल्याच जिल्ह्यातील वैशाली येडे यांच्या हस्ते. कर्जापायी आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याची पत्नी विद्वानांच्या व्यासपीठावर उभी राहिली आणि बोलली.

तेव्हा मूळ प्रश्न असा उरतो. कायदा नसेल तर झुरळे म्हणणारे मोकाट सुटतात; कायदा असेल तर टिळक आत जातात आणि पालघरच्या मुली पकडल्या जातात. मग रेषा काढावी कोठे?

निरनिराळ्या देशांनी ती निरनिराळ्या ठिकाणी काढली आहे. अमेरिकेत १९६९ च्या निकालापासून नियम असा, की तत्काळ बेकायदा कृत्य घडवून आणण्यासाठीच चिथावणी दिली असेल आणि ते घडण्याचा संभव असेल, तरच शिक्षा. बाकी कितीही घाणेरडे बोला. जर्मनीने हिटलर पाहिलेला. तेथे एखाद्या समाजाविरुद्ध द्वेष चेतवणे आणि ज्यूंच्या संहाराला नाकारणे हाही गुन्हा आहे. दोन्ही देश स्वतंत्रच म्हणवतात. ज्याला जे पोळले त्याप्रमाणे त्याने फुंकर घातली.

आपल्याला एक धागा आपल्या विदर्भातच सापडतो. यवतमाळ जिल्हा मध्यप्रांत-वऱ्हाडात असताना नागपूरच्या उच्च न्यायालयात व्हिव्हियन बोस नावाचे न्यायमूर्ती होते. १९४६ साली एका राजद्रोहाच्या प्रकरणात त्यांनी एक कसोटी सांगितली. तिचा भावार्थ असा : शब्दांचा परिणाम मोजताना समोर समंजस, खंबीर आणि धीराचा माणूस धरावा, दुबळ्या, डळमळीत मनाचा किंवा प्रत्येक टीकेत संकट पाहणारा माणूस धरू नये. लेनच्या पुस्तकाच्या खटल्यात २००७ साली सर्वोच्च न्यायालयाने तीच कसोटी लावली, आणि मार्च २०२५ मध्ये एका खासदाराने प्रसारित केलेल्या कवितेवरचा गुन्हा रद्द करतानाही पुन्हा तीच लावली. नागपूरचे माप आज सर्व देशात चालते.

या मापाला मी माझ्या बुद्धीप्रमाणे आणखी एक जोड देते. मन दुखावणे वेगळे आणि माणसाचे समाजातील स्थान काढून घेणे वेगळे. पहिल्याला कायदा लावू नये. दुसऱ्याला लावावा. आता हे आपल्या मंडळातीलच दोन गोष्टींवरून सांगते, म्हणजे ते पुस्तकी वाटणार नाही.

आपल्या मंडळाचा मोबाईलवर गट आहे. मागील वर्षात त्यावर दोन मजकूर आले. पहिला : अमुक समाजाच्या लोकांकडून फळे घेऊ नका, बांगड्या भरून घेऊ नका, ते मुद्दाम घाण करतात. पुरावा कशाचाही नाही. ज्या भगिनीने तो पुढे धाडला तिने काळजीपोटीच धाडला असेल. दुसरा मजकूर : हळदीकुंकवाला विधवांना न बोलावणे ही क्रूर चाल आहे, आणि ती पाळणाऱ्या बायकाच बायकांच्या वैरिणी आहेत, असा एक कडक लेख. दोन्हींवर तक्रारी आल्या. कार्यकारिणीपुढे आता एक नियम आहे : कोणाच्याही भावना दुखावतील असे काहीही गटावर टाकू नये. आजच्या सभेनंतर त्यावर मत घ्यायचे आहे.

नियम वाचायला सोज्वळ आहे. पण त्याने होईल काय ते पाहा. हळदीकुंकवाच्या लेखाने पुष्कळ जणींच्या भावना दुखावल्या; तक्रारी त्याच्यावरच अधिक होत्या. तो पहिला जाईल. बांगड्यांच्या मजकुराने आपल्या गटातील कोणाच्याच भावना दुखावल्या नाहीत, कारण ज्यांच्याविषयी तो होता त्या बांगडीवाल्या चाची आपल्या गटावर नाहीत. तो राहील! लेखामुळे कोणाचे काय गेले? थोडा वेळ मनस्ताप झाला. मजकुरामुळे काय गेले? चाची तेव्हापासून आपल्या गल्लीत फिरकलेल्या नाहीत. वीस-पंचवीस वर्षे आपल्या लेकीसुनांचे हात त्यांनी हातात घेतले, बाळंतिणींना बांगड्या भरल्या. त्यांची रोजी गेली आणि त्यांच्याविषयीचा विश्वास गेला. भावना हेच माप धरले की निकाल असा उलटा लागतो. कायद्याचेही नेमके तेच होते.

कडक बोलणे म्हणजे द्वेष नव्हे, हे आपण स्त्रियांनी तरी विसरू नये. आपल्या वऱ्हाडातील बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्रीपुरुषतुलना' लिहिली. पुरुषांवर त्यांनी असे कोरडे ओढले, की वाचताना आजही हसू येते आणि अंगावर काटाही येतो. पुरुषांच्या भावना दुखावल्याच, गहजब झाला. जोतीराव फुल्यांनी त्यांची बाजू घेतली, पण बाईंनी पुन्हा पुस्तक लिहिल्याचे आढळत नाही. भावना दुखावण्याचा कायदा तेव्हा कडक असता, तर ताराबाईंचे ते एक पुस्तकही आपल्याला मिळाले नसते. आगरकरांची तर जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. ज्या सुधारणांचे फळ आपण आज खातो, त्यांतील प्रत्येक सुधारणेने कोणाचे तरी मन दुखावलेले आहे. ताराबाई वरच्याला जाब विचारत होत्या. बांगड्यांचा मजकूर खालच्याच्या पोटावर पाय देत होता.

काही भगिनी म्हणतील, कायदा जर इतका फसवा, तर तो नकोच. ज्याला जे बोलायचे ते बोलू द्या, खरे शेवटी जिंकतेच. मला हे पटत नाही. खरे जिंकेपर्यंत चाचींनी खायचे काय? शिवाय उत्तर देण्याची ताकद सगळ्यांची सारखी नसते. आणि काही म्हणतील, कायदा आणखी कडक करा. विधी आयोगाने २०१७ च्या २६७ व्या अहवालात द्वेषमूलक भाषणासाठी नवी कलमे सुचवली होती. सर्वोच्च न्यायालयानेही एप्रिल २०२३ मध्ये सर्व राज्यांना आदेश दिला, की अशा भाषणांबद्दल तक्रारीची वाट न पाहता, बोलणाऱ्याचा धर्म न पाहता, गुन्हा नोंदवावा. आदेश योग्यच आहे. पण कलमे वाढवून काय होणार? असलेली कलमे दुबळ्यावर धावतात आणि बलवानापुढे बसून राहतात, तोवर नवी कलमेही त्याच वाटेने जातील. म्हातारी मेल्याचे दुःख नाही, काळ सोकावतो.

म्हणून मला विचाराल तर माझे उत्तर असे. द्वेषाविरुद्धचा कायदा आणि स्वतंत्र समाज एकत्र नांदू शकतात, पण चार अटींवर. एक, गुन्हा ठरावा तो एखाद्या समाजाला मारा, हाकला, वाळीत टाका अशा चिथावणीचा, किंवा माणसाला जातीधर्मावरून चारचौघांत माणसातून उठवण्याचा. देव, संत, राजे, पुढारी, रूढी यांवरील टीकेचा नव्हे. दोन, हेतू आणि संभाव्य परिणाम दोन्ही सिद्ध व्हावेत, आणि माप नागपूरचेच, म्हणजे धीराच्या माणसाचे असावे. तीन, पकडण्याची घाई नको, पण निकालाची दिरंगाईही नको. मुदत उलटून सुटका आणि रातोरात अटक, या दोन्ही गोष्टी एकाच आजाराची लक्षणे आहेत. चार, धमकी देणाऱ्याला आवरणे हे पोलिसांचे पहिले काम असावे, बोलणाऱ्याला गप्प करणे नव्हे. या अटी पाळल्या तर कायदा दुबळ्याची ढाल होईल. नाही पाळल्या तर ते पुन्हा १९०८ सालचेच कलम.

आणि जेथे कायदा जाऊ नये, तेथे काय करावे? याचेही एक मराठी उदाहरण आहे. १९८७ साली महाराष्ट्र शासनाने डॉ. आंबेडकरांचे 'रिडल्स इन हिंदुइझम' हे लिखाण छापले, तेव्हा राम-कृष्णांवरील भागावरून मोठा वाद झाला. काढून टाका म्हणून एक मोर्चा, काढाल तर खबरदार म्हणून दुसरा. अखेर तोड निघाली ती अशी, की मजकूर राहिला आणि शासन या मतांशी सहमत आहेच असे नाही, अशी टीप त्याला जोडली गेली. न पटणाऱ्या मताला जागा द्यावी आणि आपले मत त्याच्या शेजारी लिहावे, ही रीत मला फार आवडते.

तेव्हा मंडळापुढील नियमाविषयी माझी सूचना मी मांडते. स्वीकारणे न स्वीकारणे सभेच्या हाती आहे. 'भावना दुखावतील' हे शब्द काढावेत. त्यांच्या जागी असे लिहावे : कोणत्याही जातीधर्माच्या माणसांशी व्यवहार तोडा, त्यांना दूर ठेवा किंवा इजा करा असे सांगणारा, तसेच अशा माणसांवर पुराव्यावाचून आळ घेणारा मजकूर गटावर टाकू नये. बाकी सर्व मतांना मोकळीक, आणि न पटणाऱ्या मजकुराला उत्तर लिहिण्याचा हक्क प्रत्येक सभासदाला असावा. ज्या भगिनीने पहिला मजकूर पाठवला तिला गटातून काढू नये, तिचे नावही कोणी घेऊ नये. तिने उठून "हे खोटे कशावरून?" असे विचारले, तर तिला नीट उत्तर द्यावे. येत्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बांगड्या भरण्यासाठी चाचींना मंडळातर्फे बोलावणे पाठवावे, आणि आपल्या वस्तीतील ज्या भगिनींचे पती गेले आहेत त्यांनाही मानाने बोलवावे. या दुसऱ्या गोष्टीने काही जणींचे मन दुखावेल हे मला ठाऊक आहे. त्यांनी जरूर तसे गटावर लिहावे. त्यांचे म्हणणे कोणी काढून टाकणार नाही.

मतदान करताना एवढाच विचार करा, की आपल्या नियमाने गप्प कोण बसणार आहे आणि बोलते कोण होणार आहे.